गॅसचा वास येत असताना एक्झॉस्ट लावू नका

"गॅसचा वास आला तर घाबरू नका. पंखा आणि एक्झॉस्ट लावा, साबणाच्या फेसाने गळती शोधा, तिथे एम-सील थापा. वास गेला की शेगडी पेटवायला हरकत नाही." अशा अर्थाचा संदेश ग्रुपवर फिरत असतो. त्यातलं 'घाबरू नका' तेवढं पाळा. साबणाचा फेस अर्धा खरा आहे, त्याकडे येतोच.

सगळ्यात घातक सल्ला पंख्याचा. बटण दाबताना आतले संपर्क जुळतात किंवा सुटतात आणि बारीक ठिणगी पडू शकते. गॅस पेटायला तेवढी पुरते. म्हणूनच आधीपासून चालू असलेला पंखा बंदही करायचा नाही, हे अनेकांना पटत नाही. दिवा, बेल, मिक्सर, लायटर, सगळ्यांना हाच नियम. एक्झॉस्टचं तर आणखी एक आहे: खोलीतली गॅसमिश्रित हवा तो स्वतःच्या मोटारीवरूनच ओढून नेतो.

"पण गॅस बाहेर तर जाईल ना?" सिलिंडरमधला एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो. तो जमिनीलगत, ओट्याखाली साचतो आणि एक्झॉस्ट असतो वर, भिंतीत. हवेत त्याचं प्रमाण साधारण २ ते ९.५ टक्के असेल तरच तो पेटतो. जिथे तो याहून दाट साचलाय, तिथे छताचा पंखा हवा घुसळून त्याला नेमका पेटण्याजोगा करू शकतो. पाइपने येणारा नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका, वर जमणारा, आणि ५ ते १५ टक्क्यांत पेटणारा. बटणाचा नियम मात्र दोन्हींना तोच.

मग करायचं काय? शेगडीचे नॉब आणि रेग्युलेटर (पाइपलाइन असेल तर मुख्य कॉक) बंद करा, जाता जाता दारं-खिडक्या उघडा, सगळ्यांना घेऊन बाहेर पडा. कॉकपर्यंत पोचताना दाट वासातून जावं लागणार असेल तर तोही नाद सोडा. फ्रिज आपोआप चालू होतो म्हणून प्लग ओढायला आत थांबू नका, प्लग ओढतानाही ठिणगी पडते. मेन स्विच घराबाहेर, वासापासून लांब असेल तरच पाडा. फोन बाहेर पडल्यावर, लांबून.

आता साबणाचा फेस. सिलिंडर बदलल्यावर जोडावर लावून बुडबुडे येतात का ते पाहायला तो उत्तम. वासाने भरलेल्या घरात गळती शोधत फिरण्यासाठी नाही.

एम-सीलबद्दल थोडक्यात: चिरलेली नळी बुजवायची नसते, बदलायची असते. एका जागी चिरलेलं रबर बाकी ठिकाणीही म्हातारं झालेलं असतं. पाइपलाइनचं काम गॅसचा परवाना असलेल्याचंच, नळ दुरुस्त करणाऱ्याचं नाही. बहुतेक ठिकाणी मीटरपर्यंतची लाइन कंपनीची आणि पुढची घरमालकाची असते, त्यामुळे बोलवायचं कुणाला हे आधीच विचारून ठेवा. दुरुस्तीनंतर लाइनमध्ये दाब भरून, प्रेशर गेजचा काटा ठरावीक वेळ हलत नाही ना, हे तपासलं जातं. ती चाचणी आपल्यासमोर करायला सांगा. "वास येत नाही बघा" म्हणत पैसे मागणाऱ्याचं काम झालेलं नसतं. कंपनीने बंद केलेला व्हॉल्व्ह स्वतः उघडू नका.

राहिला शेवटचा दावा: वास गेला म्हणजे गॅस गेला. मुळात या गॅसला स्वतःचा वास नसतो. १९३७ साली टेक्सासमधल्या न्यू लंडन इथे शाळेत साचलेल्या बिनवासाच्या गॅसचा स्फोट होऊन सुमारे तीनशे जण गेले, आणि त्यानंतर तिथे गॅसमध्ये वास मिसळणं सक्तीचं झालं. एलपीजीत त्यासाठी बहुधा इथाइल मरकॅप्टन घालतात. पण नाक त्या वासाला सरावतं, थोड्या वेळाने तो जाणवेनासा होतो. सर्दीत तर सुरुवातीलाच कळत नाही. लोखंडाच्या गंजामुळेही वास फिका पडतो. त्यामुळे घर सुरक्षित आहे की नाही, ते तपासायला आलेल्या माणसाच्या हवेतला गॅस मोजणाऱ्या मीटरने ठरवावं. घरात डिटेक्टर लावणार असाल तर एलपीजीसाठी जमिनीपासून थोडा वर आणि नैसर्गिक वायूसाठी छताजवळ लावा. जागा चुकली तर गॅस भरपूर साचेपर्यंत तो वाजणार नाही.