तीच तीन पुस्तकं, परत दीडशे डॉलर

रोल-प्लेइंग गेमचं रूलबुक झिजत नाही, हेच या धंद्याचं खरं दुखणं आहे. एकदा घेतलं की झालं. पाच-सहा टाळकी, एक टेबल, मूठभर फासे, आणि पुढची दहा वर्षं कंपनीला दमडीही न देता खेळत बसा. मग कंपनीने करायचं काय? तुमच्या कपाटातलं धडधाकट पुस्तक जुनं ठरवायचं!

डंजन्स अँड ड्रॅगन्सवाले (प्रत्येकाने एक पात्र व्हायचं आणि फाशांवर साहस खेळायचं, असा हा खेळ) यात मुरलेले आहेत. तिसरी आवृत्ती आली 2000 मध्ये. लोकांनी तीन जाडजूड पुस्तकं घेतली, नियम पाठ केले, आणि 2003 मध्ये यांनी 'साडेतीन' काढली. साडेतीन! मग 2008 ला चौथी, 2014 ला पाचवी. पाचवी खरंच चांगली होती, म्हणून तर एवढा राग येतोय. दहा वर्षं सुखाने खेळत होतो ना आम्ही.

आता 2024 ची. सप्टेंबरमध्ये प्लेयर्स हँडबुक, नोव्हेंबरमध्ये डंजन मास्टर्स गाइड, फेब्रुवारी 2025 मध्ये मॉन्स्टर मॅन्युअल. प्रत्येकी 49.99 डॉलर, म्हणजे संचाचे दीडशे. तेव्हाच्या दराने रुपयांत साडेबारा हजारांच्या घरात, शिपिंग वेगळं. आणि आव असा, की ही नवी आवृत्ती नाहीच मुळी! जुनं साहित्य यासोबत आरामात चालेल म्हणे. दहावीच्या गाइडावर 'सुधारित' छापून तेच परत विकणारे निदान एवढ्या गोड आवाजात बोलत नाहीत.

चालेल म्हणजे कसं, ते टेबलावर बसून बघा. एकाकडे 2014 चं पुस्तक, दुसऱ्याकडे नवं. दोघेही पहिल्या लेव्हलचा 'क्युअर वूंड्स' हा जखम भरणारा स्पेल, म्हणजे मंत्र, मारतात. एक आठ बाजूंचा एक फासा टाकतो, दुसरा दोन. एकच मंत्र, एकच जखमी, आणि त्यावर वीस मिनिटं वाद. जुन्या पुस्तकातला पॅलाडिन, म्हणजे धर्मयोद्धा, नेम लागला की स्माइट (जास्तीचा दैवी तडाखा) करून मोकळा. नव्यात तो स्माइट म्हणजे स्पेल, त्याला बोनस अ‍ॅक्शन, म्हणजे आपल्या पाळीतली एक जादा छोटी कृती, जाते. हाफ-एल्फ आणि हाफ-ऑर्क या पात्रांच्या जाती तर नव्या हँडबुकातून गायबच. औषधाची बाटली आता बोनस अ‍ॅक्शनमध्ये पिता येते, वा! अहो, हा नियम कित्येक टेबलांवर लोकांनी वर्षानुवर्षं घरचा म्हणून चालवला होता. आमचाच नियम आम्हालाच पन्नास डॉलरला.

"फुकट नियम आहेत की नेटवर," असं सांगणारा एक तरी शहाणा निघतोच. आहेत. हँडबुकात प्रत्येक क्लासचे, म्हणजे पात्राच्या पेशाचे, चार सबक्लास (उपप्रकार), फुकटात एक. लग्नाला बोलवायचं आणि पानात फक्त मीठ वाढायचं.

बरं, हा भुर्दंड पडतो कुणावर? डीएमवर, म्हणजे खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरवर. तोच साहस लिहितो, तोच नकाशे काढतो, तोच सगळ्यांच्या तारखा जुळवतो, आणि पुस्तकंही त्यानेच घ्यायची. बाकीचे येतात, चिवडा खातात आणि "तुझं हँडबुक दे रे जरा" म्हणतात. कंपनीला हे चांगलं ठाऊक आहे. डिसेंबर 2022 मध्ये हा खेळ काढणाऱ्या विझर्ड्स ऑफ द कोस्टच्या तेव्हाच्या प्रमुख सिंथिया विल्यम्स यांनी गुंतवणूकदारांसमोर सांगितलं होतं की या ब्रँडमधून पुरेसा पैसा निघत नाहीये; खेळणाऱ्यांत डीएम जेमतेम वीस टक्के, पण पैसे मोजणाऱ्यांत त्यांचाच वाटा सगळ्यात मोठा. म्हणजे उरलेल्या ऐंशी टक्क्यांचे खिसे कसे उघडायचे, ही यांची चिंता. लगेच पुढच्या महिन्यात इतरांना हे नियम वापरून पुस्तकं काढू देणाऱ्या ओपन गेम लायसन्सचा नवा मसुदा फुटला: 2000 पासून ज्या परवान्यावर लहान प्रकाशक जगले, तो मोडीत काढायचा आणि वर्षाला साडेसात लाख डॉलरच्या वर कमावणाऱ्याकडून वरच्या रकमेवर पंचवीस टक्के घ्यायचे. लोकांनी कंपनीच्या वेबसाइटची सदस्यत्वं रद्द करायला सुरुवात केली, तेव्हा कुठे महिनाअखेरीस माघार.

कागदी नको, डिजिटल घ्या म्हणाल, तर तिथे आणखी वैताग. डी अँड डी बियाँड ही या खेळाची वेबसाइट विझर्ड्सची मालक कंपनी हॅस्ब्रोने 2022 मध्ये 14 कोटी 63 लाख डॉलरला घेतली, ती काय समाजसेवेसाठी? 2024 मध्ये सुटे स्पेल, सुटे सबक्लास विकणं बंद. हवं तर अख्खं पुस्तक घ्या. ऑगस्टमध्ये जाहीर केलं की तुमच्या कॅरॅक्टर शीटवरचे (पात्राच्या नोंदींच्या पानावरचे) जुने स्पेल आणि जादुई वस्तू काढून नव्या टाकणार. पैसे मोजून घेतलेले स्पेल! जुने हवे असतील तर स्वतः टाइप करून घाला. पुन्हा बोंबाबोंब, पुन्हा काही दिवसांत माघार. पीडीएफ तर पाचव्या आवृत्तीच्या मुख्य पुस्तकांची हे विकतच नाहीत, वेबसाइटवरच वाचा. उद्या वेबसाइट बंद पडली तर काय वाचायचं, पावती? पाथफाइंडर या दुसऱ्या अशाच खेळाचे प्रकाशक पायझो पीडीएफ विकतात, नियम नेटवर फुकट ठेवू देतात, आणि तरी त्यांचा धंदा चालतोच की. (त्यांनीही 2019 ची पुस्तकं 2023 मध्ये 'रीमास्टर' केली, पण त्यामागे याच लायसन्सचा तमाशा होता, म्हणून अर्धी शिवी माफ.)

तर आमच्या ग्रुपमधल्या उत्साही मंडळींनो, नवीन कॅम्पेन (लांबलचक साहसमालिका) 2024 च्या नियमांवर हवं असेल तर वर्गणी काढा. सहा जण आहोत, डोई दोन हजार शंभर, आगाऊ, रोख. "नंतर देतो" चालणार नाही. पैसे जमेपर्यंत क्युअर वूंड्सला एकच फासा पडेल, आणि ज्याला दोन टाकायचे असतील त्याने पुढचा डीएम व्हावं.