ते 'ऑटो' गांजावालं फॉरवर्ड चुकीचंय

कोथरूडच्या आमच्या सोसायटी ग्रुपवर फिरतंय की ऑटोफ्लॉवर (आपोआप फुलणारा) गांजा म्हणजे लॅबमध्ये जीन घुसवून केलेलं झाड, म्हणून कायद्यात बसत नाही. अहो काहीही काय! रुडेरालिस नावाचा रानटी गांजा आहे, १९२४ मध्ये रशियन शास्त्रज्ञ यानिशेव्हस्कीने त्याचं वर्णन केलं, तो दिवस लहान व्हायची वाट न बघता वयानुसार फुलतो, नेहमीच्या गांजाचा त्याच्याशी साधा संकर केला की झालं. हा आपोआप फुलण्याचा गुण रिसेसिव्ह (दोन्ही पालकांकडून आला तरच दिसणारा), म्हणून पहिल्या पिढीत सहसा दिसतच नाही, त्या झाडांचा आपसात संकर केला की दुसरीत साधारण चारात एक, मग तीच निवडत राहायची. आणि १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्यात कॅनाबिस वंशाचं कुठलंही झाड येतं, बाल्कनीतल्या कुंडीतलं पण, शिक्षा १० वर्षांपर्यंत.