लवाद नेमताना घ्यावयाची काळजी

तुमच्या कंपनीचं जर्मन पुरवठादाराशी बिनसलं आहे. करारावर सह्या होताना ज्या कलमाकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं, ते आता सगळे चष्मे पुसून वाचताहेत. वाद कोर्टात न जाता लवादाकडे, म्हणजे दोन्ही बाजूंनी नेमलेल्या खासगी पंचांकडे जायचा, जागा मुंबई, लवाद तीन. एक तुम्ही नेमायचा, एक त्यांनी, आणि या दोघांनी मिळून अध्यक्ष ठरवायचा. नोटीस हातात पडल्यापासून तीस दिवसांत नाव दिलं नाही तर प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात. अशा घाईगडबडीत एखादा उत्साही ज्युनिअर यादीत बाईचं नाव घुसडण्याचा मोठा धोका असतो. हा धोका कसा टाळावा, आणि टाळूनही पुरोगामी कसं दिसावं, याबद्दल अनुभवी मंडळींत जे आजवर तोंडी चालत आलं आहे ते इथे लिहून ठेवतो.

सर्वप्रथम प्रतिज्ञेवर सही करा. आंतरराष्ट्रीय लवादक्षेत्रात स्त्रियांना समान प्रतिनिधित्व मिळावं म्हणून 2016 मध्ये लंडनहून एक प्रतिज्ञा निघाली. तिच्यावर हजारोंनी सह्या केल्या आहेत, तुमचं काय जातं? सही करण्यापूर्वी मजकूर मात्र नीट वाचा, कारण तुमच्या सोयीचे दोन शब्द त्यात आहेत: ‘शक्य तिथे’. आणि स्त्रियांना न्याय्य स्थान द्यायचं ते मुख्यतः याद्यांमध्ये, समित्यांमध्ये, व्यासपीठांवर. तेव्हा यादीत नाव जरूर घाला. पाच नावांच्या यादीत चौथं घाला. पाचवं घातलं तर उगाच डोळ्यांत येतं आणि पहिलं घातलं तर संचालक मंडळाला वाटतं तुम्ही मनापासून सुचवताय.

आता खरी चाळणी. तिचं नाव ‘अनुभव’. ही चाळणी फार गुणाची आहे, कारण तिच्यातून जे खाली पडतं ते आपोआप पडतं, तुमचे हात स्वच्छ राहतात. लवाद निवडणं हे शेवटी स्थळ बघण्यासारखंच असतं. घराणं माहितीतलं हवं, चार लोकांनी चांगलं म्हटलेलं हवं, आणि आपल्या ओळखीत कुणाकडे तरी ते आधी झालेलं हवं. फक्त इथे एक गंमत आहे. ज्यांची आधी लग्नं झाली आहेत तेच इथे उत्तम स्थळ मानले जातात. तेव्हा एखाद्या बाईंचं नाव आलं की शांतपणे विचारा, ‘यांनी आधी किती मॅटर्समध्ये अध्यक्ष म्हणून काम केलंय?’ नसेल केलं तर ‘पुढच्या वेळी नक्की विचार करू’ म्हणा. पुढच्या वेळीही हाच प्रश्न विचारा. उत्तर बदलण्याची भीती नाही, कारण ते बदलू शकेल असं एकमेव काम तुमच्याच हातात आहे.

असल्या चर्चेत कुणी आकडे काढले तर गांगरू नका. आंतरराष्ट्रीय लवाद परिषदेच्या अभ्यासगटाने 2020 मध्ये अहवाल काढला. त्यानुसार 2015 मध्ये लवाद म्हणून झालेल्या नेमणुकांपैकी 12.2 टक्के स्त्रियांच्या होत्या, 2019 मध्ये 21.3 टक्के. हे वाचून आनंदाने टाळ्या वाजवा. मग पुढचा तक्ता उघडू देऊ नका. त्यात नेमणूक कुणी केली याची फोड आहे. लवाद चालवणाऱ्या संस्थांनी नेमलं तिथे स्त्रिया 34 टक्के, सहलवादांनी मिळून अध्यक्ष नेमले तिथे 21.5 टक्के, आणि पक्षकारांनी नेमलं तिथे 13.9 टक्के. पक्षकार म्हणजे तुम्ही. तुम्ही आणि तुमचे वकील. थोडक्यात, प्रगती संस्था करताहेत आणि प्रतिज्ञेच्या फोटोत आपण आहोत.

एवढ्यावरही कुणी अडून बसलं तर दोन नावं तोंडपाठ ठेवा: ब्रिजिट स्टर्न आणि गॅब्रिएल कॉफमान-कोलर. एक फ्रेंच, एक स्विस, दोघींच्या विद्वत्तेबद्दल दुमत नाही. परकी गुंतवणूकदार आणि सरकारं यांच्यातले खटले वॉशिंग्टनच्या ज्या केंद्रात चालतात, तिथल्या नेमणुकांचा 2014 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नेमणुकांपैकी 93 टक्के पुरुषांच्या निघाल्या. उरलेल्या थोडक्यांपैकी तीन चतुर्थांश या दोघींच्या. म्हणजे जगभरातल्या बाकी सगळ्या बायकांनी मिळून उरलेला तुकडा वाटून घ्यायचा. पण तुम्ही हे असं मांडू नका. तुम्ही म्हणा, ‘अहो, बायका आहेत की! स्टर्न मॅडम आहेत, कॉफमान-कोलर मॅडम आहेत!’ आणि मग हळूच जोडा की दोघी फार बिझी असतात.

हे बिझी प्रकरण जरा समजून घ्या, कारण इथे पुरुषांना एक नियम आहे आणि बायकांना दुसरा. मुंबईत सिनियर मंडळींची कोर्टं संपल्यावर संध्याकाळी साडेचार ते साडेसहा अशी सिटिंग होतात, नाहीतर शनिवारी. निवृत्त न्यायमूर्तींकडे तारीख मागितली की मार्च मिळतो, आणि तोही पुढच्या वर्षीचा. हे त्यांच्या योग्यतेचं लक्षण समजावं. एखाद्या बाईंनी मात्र ‘पुढच्या आठवड्यात सलग पाच दिवस देते’ असं सांगितलं, तर सावध व्हा. एवढी रिकामी आहे म्हणजे हिला कामच मिळत नसणार, आणि हिला काम मिळत नाही म्हणजे काहीतरी कारण असणार. कारण तुम्हीच आहात हा भाग सोडून द्या.

निवृत्त न्यायमूर्ती हा तुमचा सर्वांत भक्कम बुरूज. आपल्याकडे मोठ्या रकमेच्या वादात लवाद म्हणून त्यांच्याशिवाय इतर कुणाचं नाव सुचवणं म्हणजे लग्नात केळवणाला वडापाव देणं. आणि या बुरुजात बायका किती? मुंबई उच्च न्यायालय 1862 चं. तिथे पहिल्या स्त्री न्यायमूर्ती सुजाता मनोहर, 1978 मध्ये. सर्वोच्च न्यायालय 1950 चं, पहिल्या स्त्री न्यायमूर्ती फातिमा बीवी, 1989 मध्ये. तिथून 2021 पर्यंत धरून अकरा. हाताची बोटं संपली की पायाचं एक. सर्वोच्च न्यायालयाने ज्येष्ठ वकील म्हणून नामनिर्देशित केलेल्या पहिल्या बाई लीला सेठ, 1977. दुसऱ्या इंदू मल्होत्रा, 2007. मधली तीस वर्षं बायका बहुधा काळा कोट इस्त्रीला टाकून विसरल्या असाव्यात. मल्होत्राबाईंचं खास क्षेत्र लवादाचा कायदा, आणि 2018 मध्ये त्या वकिलीतून थेट सर्वोच्च न्यायालयात गेल्या. तेव्हा तुम्हाला सांगायला मोकळं आहे: ‘आम्ही काय करणार, आडातच नाही!’ आड कुणी खणायचा होता हे विचारायची पद्धत नाही.

इतिहासाचा विषय निघाला तर नाशिकच्या कॉर्नेलिया सोराबजींचं नाव अभिमानाने घ्या. मुलगी आपल्याकडची, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेली. 1892 मध्ये ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली. पदवी हातात पडायला तीस वर्षं लागली, कारण 1920 पर्यंत विद्यापीठ बायकांना पदव्याच देत नव्हतं. त्या मधल्या काळात बाई काय करत होत्या? 1904 पासून सरकारच्या सल्लागार म्हणून बंगाल, बिहार, ओरिसा, आसामात हिंडून पडदानशीन विधवा जमीनदारणींची मिळकतीची, दत्तकाची, पोटगीची भांडणं निस्तरत होत्या. म्हणजे ज्याला तुम्ही ‘अनुभव’ म्हणता त्याचा डोंगर. वकिली करायची मुभा मात्र हिंदुस्थानातल्या बायकांना कायद्याने मिळाली 1923 मध्ये. नेमक्या त्याच वर्षी पॅरिसमध्ये आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाचं लवाद न्यायालय सुरू झालं. तिथे पहिली स्त्री अध्यक्ष, क्लॉडिया सालोमन, 2021 मध्ये आली. अठ्ठ्याण्णव वर्षांत. घाई झाली असं कुणी म्हणू शकणार नाही.

याचा अर्थ बायकांना काम द्यायचं नाही असा नाही हं! काम भरपूर द्यायचं. त्या वॉशिंग्टनच्या केंद्राचा कारभार 2009 पासून 2024 पर्यंत मेग किनियर यांनी सांभाळला. संस्था चालवणं, नियमावल्या दुरुस्त करणं, फायली हलत्या ठेवणं, दोन खंडांतल्या वकिलांच्या तारखा जुळवणं ही कामं बायका फार छान करतात. लवादमंडळाचं सचिवपद तर त्यांना शोभूनच दिसतं. सहा हजार पानांचं बाड वाचायचं, घटनाक्रमाचं टाचण करायचं, कुठल्या साक्षीदाराने कुठल्या परिच्छेदात शब्द फिरवला त्याला पिवळी चिठ्ठी लावायची, आणि सुनावणीत अध्यक्षसाहेबांनी भुवई उंचावली की नेमकं ते पान पुढे सरकवायचं. साहेब मग तोच प्रश्न आपल्या घोगऱ्या आवाजात विचारतात आणि समोरचा वकील मनात म्हणतो, ‘काय तयारी आहे म्हाताऱ्याची!’

दर वसंतात व्हिएन्नाला विद्यार्थ्यांची आंतरराष्ट्रीय लवादाची मोठी मूट, म्हणजे लुटुपुटूच्या खटल्यांची, स्पर्धा भरते, 1994 पासून. तिथे जाऊन बघा, आपल्याकडच्याही मुली फडाफड युक्तिवाद करत असतात. बक्षीस देताना त्यांना म्हणा, ‘भविष्य तुमचंच आहे.’ भविष्यावर लवादाच्या कायद्यात कुठलीही मुदत नाही.

कुणी फारच पात्र निघाली तर तिला मध्यस्थीकडे वळवा. ‘मॅडम, तुमचा स्वभाव इतका समजूतदार, तुम्ही मीडिएशन का करत नाही?’ आता 2023 चा मध्यस्थी कायदाही आला आहे, म्हणजे हे नुसतं गोड बोलणं राहत नाही, करिअर मार्गदर्शन ठरतं. समजूत काढणं, अश्रू पुसणं, दोन्ही बाजूंचं ऐकून घेणं हे बायकांच्या रक्तातच असतं असं म्हणतात. गॅसच्या दराचं सूत्र, बोगद्याच्या खडकाचा दर्जा, विलंबाचे दिवस कुणाच्या खात्यावर, हे पुरुषांच्या रक्तात असतं. रक्ततपासणी कुणी केली माहीत नाही, पण निदान पक्कं आहे.

परिषद भरवत असाल तर स्त्रियांना व्यासपीठ द्याच. विषय ‘लवादातील स्त्रिया’. वेळ जेवणानंतरची. तेल, वायू, पायाभूत सुविधा आणि ‘लवादाचं भवितव्य’ या विषयांवर सकाळी ताज्या डोक्याने पुरुष बोलतील. जेवणानंतरच्या सत्रात समोर बसलेल्या बहुतेक बायकाच असतील, ते बरंच आहे, त्यांना हा विषय माहीत असतो.

आणि समजा, सगळी काळजी घेऊनही अघटित घडलं. अध्यक्ष म्हणून बाई नेमली गेली, सहलवादांकडून किंवा कोर्टाकडून. तरी धीर सोडू नका, खोली तुमच्या बाजूची आहे. पहिल्या दिवशी हॉटेलातल्या सभागृहात त्या वेळेआधी दहा मिनिटं येतील. दारातला पोरगा त्यांना भिंतीकडेच्या खुर्च्या दाखवील, जिथे स्टेनो आणि ज्युनिअर बसतात. त्या काही न बोलता मधल्या मोठ्या खुर्चीकडे जातील. मग तुमचे सिनियर येतील, दोन्ही बाजूंच्या सरांशी हस्तांदोलन करतील, त्यांच्या तब्येती विचारतील, आणि मधल्या खुर्चीकडे वळून ‘मॅडम, चहा सांगाल का?’ म्हणता म्हणता थांबतील. हे थांबणं फार नाजूक असतं. त्या वेळी सगळ्यांनी आपापल्या फायलीत पाहावं. मॅडम स्वतःच ‘मलाही एक, बिनसाखरेचा’ असं वेटरला सांगून प्रसंग निभावून नेतील. त्यांना सवय असते.

दिवसभर त्यांना मधेच तोडत चला. दोन्ही सहलवादांना ‘न्यायमूर्ती’ म्हणा, त्यांना नुसतं ‘मॅम’. त्यांनी कडक प्रश्न विचारला तर संध्याकाळी बारमध्ये ‘जरा तुसड्याच आहेत’ म्हणा, आणि नाही विचारला तर ‘पकड नाही’ म्हणा. पुरुष लवादाने तोच प्रश्न विचारला की त्याला ‘बारकावा’ म्हणतात.

शंकेखोरांसाठी एक उदाहरण राखून ठेवलं होतं, ते तुम्ही वापरू नका. कॅलाबारला गॅस प्रकल्प उभारण्याचा 2010 चा करार मोडला म्हणून पीअँडआयडी नावाच्या कंपनीने नायजेरियाच्या सरकारवर दावा लावला. प्रकल्पाची वीटही रचली गेली नव्हती. 2017 मध्ये लवादमंडळाने 6.6 अब्ज डॉलरचा निवाडा दिला, आणि व्याज चढता चढता तो 11 अब्जांवर गेला. 2023 मध्ये लंडनच्या न्यायालयाने हा निवाडा लाचखोरी आणि खोट्या साक्षीच्या जोरावर, फसवणुकीने मिळवल्याचं ठरवलं. मंडळात तिघेही ज्येष्ठ, तिघेही नामवंत, तिघेही पुरुष. त्यांच्या प्रामाणिकपणावर न्यायालयाने बोट ठेवलं नाही, त्यांची फसवणूक झाली. पण क्षणभर कल्पना करा, त्या तिघांत एक बाई असती. पुढची दहा वर्षं परिषदांमध्ये सकाळच्या सत्राला विषय कुठला असता?

तुमच्या मनातली खरी भीतीही हीच आहे, आणि ती चूक नाही. माजी सरन्यायाधीश नेमले आणि निवाडा विरोधात गेला, तर संचालक मंडळ म्हणतं, नशीब. बाई नेमल्या आणि विरोधात गेला, तर म्हणतं, कुणी सुचवलं होतं हे नाव? नोकरी तुमची जाते, नशिबाची जात नाही. म्हणून माजी सरन्यायाधीशच नेमा. त्याच साहेबांना तुम्ही तीन वर्षांत दोनदा नेमलेलं असेल, तर लवाद कायद्याच्या पाचव्या अनुसूचीप्रमाणे ते उघड करावं लागेल आणि समोरचे शंका घेतील. घेऊ देत. विश्वासातला माणूस वारंवार बोलावणं ही आपली संस्कृती आहे.

निवाडा विरोधात गेलाच तर कलम 34 खाली तो रद्द करायचा अर्ज करायला तीन महिने असतात, वर फार तर तीस दिवस. वेळ दवडू नका. मसुदा ऑफिसातल्या दोघी-तिघी मुलींकडे द्या. फाइल फक्त त्यांनीच वाचलेली असते.