रँडम नाही हो, वाटण्या आहेत त्या
लेखात म्हटलंय की क्रुसेडर किंग्ज ३ (मध्ययुगातलं राजघराणं चालवायचा कॉम्प्युटर गेम) मध्ये शंभरेक वर्षांनी युरोपचा नकाशा म्हणजे नुसता रँडम गोंधळ, इतिहासाशी काही संबंध नाही. नाही पटलं बुवा. ती सरळ सरळ भाऊबंदकी आहे! मी १०६६ सालापासून सुरू केलेल्या गेममध्ये नॉर्वेच्या हॅराल्ड हार्डराडाने इंग्लंड मारलं, खऱ्या इतिहासात इंग्लंड जिंकणारा नॉर्मंडीचा (उत्तर फ्रान्स) ड्यूक विल्यम बसला हात चोळत, मला वाटलं आता उत्तर समुद्राभोवती एकच मोठं राज्य होणार, पण म्हातारा गेला आणि एका पोराला नॉर्वे, दुसऱ्याला इंग्लंड, की लगेच दोघं एकमेकांच्या उरावर. आणि खऱ्या इतिहासात काय वेगळं झालं? १०८७ ला विल्यम मेला, थोरल्या रॉबर्टला नॉर्मंडी, धाकट्या विल्यम रूफसला इंग्लंड, शेवटी सगळ्यात लहान हेन्रीने ११०६ ला रॉबर्टला लढाईत पकडलं आणि तो ११३४ ला मरेपर्यंत कैदेतच ठेवला.

गेम ८६७ सालापासून सुरू केला तर याहून भारी, फ्रँक सम्राट शार्लमेनच्या नातवांनी ८४३ लाच व्हर्दनच्या तहात साम्राज्य वाटून घेतलेलं असतं, त्यामुळे पहिल्या दिवसापासून चुलत्या-पुतण्यांची खुन्नस तयारच. एवढं सगळं ज्याच्यामुळे होतं त्या गेममधल्या वारसा कायद्यावर (राजा मेला की राज्य पोरांत वाटायचं) लेखात एक ओळ नाही, आणि घोड्यांच्या ग्राफिक्सवर मात्र दोन परिच्छेद!