देणगीदाराचं नाव कळलं, तारीख कुठे आहे?

संरक्षण खरेदीतून कमावणारे राजकीय पक्षांना कधी, किती देणगी देतात, ते शोधायचं आहे. वास्कोचं गोवा शिपयार्ड, म्हणजे नौदलाची जहाजं बांधणारी कंपनी, कुठल्याही पक्षाला एक रुपयाही देणगी देऊ शकत नाही. सरकारी कंपनी आहे ना, कंपनी कायद्याच्या कलम 182 ने हात बांधलेत. पण त्याच शिपयार्डाला केबल, पंप, व्हॉल्व्ह, रंग पुरवणारी खाजगी कंपनी? तिला मोकळीक आहे. संचालक मंडळाचा ठराव करायचा आणि मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंत द्यायचं. (2017 साली ही मर्यादाच उडवली होती, देणगीदाराचं नाव लपवणारे निवडणूक रोखे रद्द करणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या 15 फेब्रुवारी 2024 च्या निकालाने ती परत आली.) आणि मालकाने स्वतःच्या खात्यातून चेक फाडला तर त्याला हे साडेसात टक्केही लागू नाहीत.

30 मार्च 2023 रोजी नौदलासाठी 11 गस्ती जहाजांचे 9,781 कोटींचे करार झाले, त्यातली 7 जहाजं आपल्या शिपयार्डाकडे आली. जहाजाच्या किमतीतला मोठा हिस्सा बाहेरून आणलेल्या यंत्रसामग्रीचा असतो. म्हणजे मलिदा कुठे आहे ते बघा.

अमेरिकेत सरकारी कंत्राटदार कंपनीला संघीय निवडणुकीत देणगी देता येत नाही. मालकाला येते! पॅलंटिर या डेटा-सॉफ्टवेअर कंपनीचे सहसंस्थापक पीटर थील यांनी 2021-22 मध्ये, तेव्हा सिनेटची निवडणूक लढवणाऱ्या जे. डी. व्हान्स यांच्या समर्थक गटाला दीड कोटी डॉलर दिले. 2025 च्या जानेवारीत व्हान्स उपराष्ट्राध्यक्ष झाले, त्याच वर्षी पॅलंटिर आणि अमेरिकी लष्कराचा 10 वर्षांचा, कमाल 10 अब्ज डॉलरचा करार झाला. यावरून लगेच ‘बघा, सौदा!’ म्हणणं हा आळस आहे. पण निदान तारखा समोर आहेत, म्हणून प्रश्न तरी विचारता येतो.

आपल्याकडे पक्ष 20,000 रुपयांवरच्या देणग्या फॉर्म 24अ मध्ये भरून निवडणूक आयोगाला देतात. त्यातले रकाने बघा: नाव-पत्ता, पॅन, रक्कम, चेक की रोख, शेरा. देणगीच्या तारखेला रकानाच नाही. कंपनीचा सीआयएन, म्हणजे नोंदणी नंबरही नाही, त्यामुळे एकसारख्या नावाच्या दोन कंपन्या असल्या की बसा डोकं खाजवत. गंमत म्हणजे लपवाछपवीसाठी बदनाम झालेल्या रोख्यांची यादी कोर्टाने उघडायला लावली, तर तिच्यात खरेदीची तारीख होती. आणि देणगी इलेक्टोरल ट्रस्टमार्फत, म्हणजे कंपन्यांकडून पैसे घेऊन पक्षांना वाटणाऱ्या संस्थेमार्फत गेली तर सगळ्यांचे पैसे एकाच हंड्यात पडतात. कोणाचा रुपया कोणत्या पक्षाला गेला ते सुटं करता येत नाही.

तारीख मिळाली तरी बहुतेक जण ती चुकीच्या जागी लावतात. कराराच्या महिन्यात देणगी शोधतात. तोवर सगळं ठरून गेलेलं असतं. संरक्षण खरेदी परिषद आधी एओएन, म्हणजे गरजेला मंजुरी देते, तेव्हाच खरेदी कुठल्या वर्गात बसणार ते ठरतं. त्याच्याही आधी गुणात्मक गरजा, म्हणजे वस्तूत नेमकं काय हवं ते, लिहिल्या जातात. तिथे पंपाच्या वजनाचा एक आकडा थोडा खाली आणला की दोन स्पर्धक टेंडर निघण्याआधीच घरी. मग निविदा, चाचण्या, भावाची घासाघीस, यात वर्षं जातात. म्हणून एओएनच्या आधीची दोन-तीन वर्षं चाळा. कंपनीचे संचालक कंपनी मंत्रालयाच्या साइटवर सापडतात, डीआयएन या संचालकाच्या ओळख नंबरावरून त्यांच्या इतर कंपन्याही. लिस्टेड कंपनी असेल तर एक टक्क्यावरचे भागधारक दर तिमाहीला शेअर बाजाराच्या साइटवर येतात. पैसेवाला देणगीदार बऱ्याचदा तिथेच दिसतो, संचालकांत नाही.

खाणींच्या बाबतीत गोव्यात हे कोणाला शिकवावं लागत नाही, लीज कोणाची आणि गाडी कोणाची हे तिठ्यावरच्या चहावाल्यालाही पाठ असतं. शस्त्रखरेदीत मात्र ‘राष्ट्रीय सुरक्षा’ म्हटलं की आपण गप्प. अहो, देणगीची तारीख कळल्याने कुठल्या पाणबुडीचं गुपित फुटणार आहे?

फॉर्म 24अ मध्ये दोनच रकाने हवेत: देणगीची तारीख, आणि देणगीदाराचा किंवा त्याच्या कंपन्यांचा सरकारी खरेदीशी संबंध आहे का, हो की नाही. त्यासाठी संसदेत विधेयकही आणावं लागत नाही. हा फॉर्म निवडणूक नियमांतला आहे. आयोगाशी सल्लामसलत करून केंद्र सरकार अधिसूचनेने तो बदलू शकतं.