सरासरी दाखवून काय होणार?
'देशातल्या मोसमी पावसाची सरासरी फारशी हललेली नाही, मग गाजावाजा कशाला', हा लेखातला सूर काही पटला नाही. सरासरी तीच राहूनही पाऊस पडायची तऱ्हा बदलते. मध्य भारतात तेच झालंय: १९५० नंतर मध्यम पावसाचे दिवस घटले, अतिवृष्टी वाढली. हवा एक अंशाने तापली की बाष्प साधारण ७ टक्के जास्त धरते, ते कधीतरी एकदम कोसळणारच. आणि जागेजागेच्या फरकाचं काय, तोही सरासरीत दिसत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी, कुलाब्याला जेमतेम ७३! (मुंबई एकच, बरं का.) पाऊस मोजणारी केंद्रं वाढली म्हणून अतिवृष्टीच्या नोंदी वाढल्या, हा आक्षेप मात्र रास्त. त्यासाठी सलग नोंदी असलेल्या जुन्या केंद्रांचेच आकडे ताडून बघावेत.