सायटिकाची नस ताणून मोकळी होत नाही

सध्या एक मेसेज सगळीकडे फिरतोय, सायटिका म्हणजे आखडलेली नस, रोज पश्चिमोत्तानासन (बसून पाय सरळ पसरून पुढे वाकणं) करून ती ताणा, दुखलं तरी सोडू नका, बाकी वेळ पडून रहा, 7 दिवसात बरं वाटेल. लोक वाचून खरंच करतात आणि जास्त दुखून बसतात, म्हणून लिहितोय.

"नस आखडलीये" - नस म्हणजे स्नायू नाही हो. बहुतेकांना कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधली किंवा तिच्या खालची गादी सरकून नसेच्या मुळाशी लागलेली असते, तिथे सूज येते आणि कळ खुब्यातून मांडीच्या मागून पोटरीपर्यंत उतरते. दुखतं पायात पण मूळ कमरेत.

"दुखलं तरी ताणा" - याचा मला सगळ्यात राग येतो. सुजलेली नस ताणली की अजून चिडते, आणि पाय सरळ ठेवून पुढे वाकलं की गादीवरही दाब वाढतो, म्हणजे दोन्हीकडून मार. अशा वेळी बऱ्याच जणांना उलट मागे वाकून बरं वाटतं, पालथं झोपून हलकं भुजंगासन, तेही कोपरांवर टेकून. पण वयामुळे मणक्यातली नसांची जागा अरुंद झाली असेल तर मागे वाकूनच त्रास होतो आणि पुढे वाकून आराम, त्यामुळे एकच आसन सगळ्यांना कसं चालेल? खूण एकच बघा, कळ पायातून वर कमरेकडे सरकत असेल तर ठीक चाललंय, मग कंबर थोडी जास्त दुखली तरी चालेल, पण कळ खाली पावलाकडे जायला लागली की तिथेच थांबा.

ताकदीचा तर त्या मेसेजमध्ये शब्दच नाही! सेतुबंधासन (उताणं झोपून गुडघे दुमडून कंबर उचलणं), कुशीवर झोपून गुडघे दुमडून वरचा गुडघा उघडणं, हात आणि गुडघे टेकून उजवा हात आणि डावा पाय लांब करणं, असे साधे प्रकार 8-10 वेळा, हळूहळू वाढवत. यानी खुब्याचे आणि पाठीचे स्नायू भार घ्यायला लागतात. आणि दुखणं खुब्याच्या बाहेरच्या बाजूला असेल, त्या कुशीवर झोपवत नसेल, तर ते बऱ्याचदा सायटिका नसतंच, तिथल्या स्नायूबंधाचं (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीचं) असतं आणि पायावर पाय टाकून ओढलं की वाढतं.

"पडून रहा" - एखाद दोन दिवस ठीक, त्यापुढे झेपेल तेवढं चालणंच बरं.

"7 दिवस" - बहुतेकांचं ऑपरेशनशिवाय कमी होतं हे खरंय, पण 6 ते 12 आठवडे धरा. आठव्या दिवशी दुखलं म्हणून व्यायाम सोडू नका.

आणि मेसेजमध्ये जे यायलाच हवं होतं ते नाहीच. लघवी अडकली, लघवी-शौचावरचा ताबा गेला, दोन मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला किंवा पाऊल उचलेनासं झालं, तर कुठलंही आसन करत बसू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा, रात्र असली तरी.